पायांत ताकद किती, एवढंच का मोजता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाची बातमी वर्तमानपत्रात येते ती बहुतेक एकाच तऱ्हेची असते. अमुक तरुण पडला, कमरेखाली लुळा झाला, जिद्दीने पुन्हा उभा राहिला. सोबत उभा राहिल्याचा फोटो. त्या तरुणाचं मला मनापासून कौतुक आहे. पण आमच्यातले पुष्कळजण उभे राहत नाहीत आणि तरीही पुढे वर्षानुवर्षं जगतात. त्यांचं ते जगणं सुधारतंय की बिघडतंय, याची नोंद कोण ठेवतं? ती ठेवायची साधनं जगात तयार आहेत, आपल्या देशातही वापरता येण्यासारखी आहेत. त्याबद्दल हे पत्र. लांबलं आहे, पण शक्य तेवढं छापावं ही विनंती.

मी विक्रोळी पूर्वेला कन्नमवारनगरात राहतो. भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. मे महिन्यात गावी, राजापूर तालुक्यात, आंबे उतरवायला चढलो आणि फांदी तुटली. चौघांनी हातपाय धरून उचललं आणि जीपच्या मागच्या बाकावर आडवं केलं. मणका मोडलेल्या माणसाला असं उचलू नये, मान-पाठ सरळ ठेवून फळीवरून न्यावं, हे त्यांना कुणी कधी शिकवलेलं नव्हतं. माझा त्यांच्यावर राग नाही. मुंबईत आणून ऑपरेशन झालं, पाठीत रॉड आणि स्क्रू बसले. डिस्चार्ज कार्डावर लिहून आलं : डी-10, कम्प्लीट, एशिया ए. डी-10 म्हणजे छातीमागचा दहावा मणका, कम्प्लीट म्हणजे इजा पूर्ण.

एशिया ही अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनची श्रेणी. ए पासून ई पर्यंत. ए म्हणजे इजेच्या खाली, अगदी गुदद्वारापर्यंत, हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. ई म्हणजे सगळं शाबूत. डॉक्टर टाचणी टोचतात, कापूस फिरवतात, पायाचा अंगठा हलवायला सांगतात आणि श्रेणी ठरवतात. उपचारासाठी ती लागतेच, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. माझी श्रेणी तेव्हा ए होती, आजही ए आहे. मधल्या काळात माझं आयुष्य मात्र इतकं बदललं की ती दोन वेगळ्या माणसांची आयुष्यं वाटावीत.

आमची जुनी इमारत म्हाडाची, लिफ्ट नसलेली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरायचं तर शेजारची चार पोरं बोलवायची, मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, दोघांनी पुढून आणि दोघांनी मागून धरायचं. पोरं गुणी, कधी नाही म्हणाली नाहीत. पण ती कामाधंद्याला लागली तशी त्यांना हाक मारायला माझी जीभ रेटेना. मग उतरणं दवाखान्यापुरतं उरलं. गणपती यायचे-जायचे ते गॅलरीतून बघायचे. लघवीला कायमची नळी आणि पलंगाला अडकवलेली पिशवी. पाहुणे आले की पत्नी पिशवीवर टॉवेल टाकायची. घराला वास यायचा. कुणी बोलत नसे, पण बसणाऱ्याची उठायची घाई मला कळायची.

त्यातच माकडहाडावर बेडसोर झाला. आम्हाला त्या भागात संवेदना नसते, त्यामुळे दुखत नाही. चादरीवर डाग दिसला तेव्हा पत्नीला कळलं, आणि तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. ती भरून यायला वर्षाच्या वर गेलं. सगळा काळ पालथा किंवा कुशीवर. ताप, ड्रेसिंग, पुन्हा ताप. पत्नीने पोळी-भाजी केंद्रातलं काम सोडलं, कारण दर दोन तासांनी मला कूस बदलून द्यायला कुणीतरी हवं. मुलीच्या दहावीचा अभ्यास ड्रेसिंगच्या वासात झाला. त्या काळातही केसपेपरवर लिहिलं जायचं, ‘न्यूरॉलॉजी सेम’. म्हणजे मज्जारज्जूच्या बाबतीत फरक नाही. ते खरंच होतं. पण आमच्या घरात जे चाललं होतं त्यातलं काही त्या दोन शब्दांत मावत नव्हतं.

नंतर हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत एका सिस्टरनी मला दिवसातून ठरावीक वेळी स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवलं. हात साबणाने स्वच्छ धुवायचे, आरशात बघायचं, नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. अमेरिकेतल्या जॅक लॅपिडीस या डॉक्टरांनी 1972 मध्ये ही पद्धत मांडली. निर्जंतुक खोली नको, हातमोजे नकोत, स्वच्छता पुरे, हा त्यांचा मुद्दा होता. चार ते सहा तासांनी मूत्राशय रिकामं झालं की मूत्रपिंडावर ताण येत नाही. मला ते जमायला लागलं आणि पिशवी सुटली. भाचीच्या लग्नात पंगतीला बसून जेवलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या शेजारी बसताना अंतर मोजलं नाही.

पुढे इमारतीचा पुनर्विकास झाला. आता लिफ्ट आहे. संडासाच्या दारातून खुर्ची जात नव्हती, तर दार काढून पडदा लावला. लिफ्ट चालू असते त्या दिवशी मी सकाळी एकटा खाली जातो, दूध आणतो, पेपर आणतो, कट्ट्यावर निवृत्त मंडळींशी वाद घालतो. लिफ्ट बंद पडली की मी पुन्हा जुन्या इमारतीतला माणूस होतो. श्रेणी ए, लिफ्ट चालू असो वा बंद.

माझी रोजीरोटी आता ऑनलाइन फॉर्म भरून देण्यावर चालते. वीजबिल, उत्पन्नाचा दाखला, शाळाप्रवेश, आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचे, यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचे, अर्ज. आसपासचे बरेच लोक या अर्जांसाठी माझ्याचकडे येतात. त्यामुळे टक्केवारीचे कागद रोज हाताखालून जातात. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्क्यांची अट आहे. सरकारला कुठेतरी रेघ मारावी लागते, हे मान्य. पण माझ्याकडे आलेले दोघेजण सांगतो. दोघांचीही इजा माझ्यासारखीच, दोघांच्याही कागदावर टक्केवारी सारखीच. एक बँकेत कारकून होता आणि आहे. बँकेने रॅम्प केला, टेबल बदललं, तो रिक्षाने जातो-येतो. दुसरा पार्कसाइटच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत राहतो. पूर्वी नाक्यावर उभा राहून बिगारी काम मिळवायचा. त्याच्या गल्लीत पायऱ्याच पायऱ्या, व्हीलचेअर घरात घडी करून ठेवलेली. अर्जावर सही घ्यायला त्याचा भाऊ कागद घेऊन आला, कारण तो येऊच शकत नाही. या दोघांना सारखा आकडा देणारं माप आपल्याला एकमेव माप म्हणून कसं चालतं?

न्यायालयाला ते चाललेलं नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्याच्या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाई बुडाल्याची टक्केवारी नव्हे. डावा हात तुटलेला ड्रायव्हर किंवा सुतार पुरता बेरोजगार होईल; तोच हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकेल. म्हणून भरपाई ठरवताना तो माणूस आधी काय करत होता आणि आता काय करू शकतो, हे बघा, असं न्यायालय म्हणतं. अपघाताच्या दाव्यात जे एकदा बघितलं जातं, ते दवाखान्यात दरवर्षी बघायला काय हरकत आहे?

माझ्या बाबतीत ते पहिल्यांदा बघितलं एका विद्यार्थिनीने. फिजिओथेरपी शिकणारी मुलगी, प्रबंधासाठी घरी आली होती. तिच्याजवळ जागतिक आरोग्य संघटनेची 26 प्रश्नांची प्रश्नावली होती, मराठीत. गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून एक ते पाच यांतला आकडा सांगायचा. झोपेबद्दल किती समाधानी आहात? वेदनेमुळे करायची कामं किती अडतात? गरजेपुरता पैसा आहे का? हिंडण्याफिरण्याची सोय किती? राहत्या जागेबद्दल समाधानी आहात का? मित्रांकडून आधार मिळतो का? पुढे वाचनात आलं की ही प्रश्नावली तयार करताना जगभरातली जी केंद्रं सामील होती त्यांत दिल्ली आणि चेन्नई होती. म्हणजे ती आपल्याकडच्या माणसांनाही विचारून घडलेली आहे. शरीर, मन, नातीगोती आणि भोवतालची परिस्थिती असे चार भाग, चारांचे गुण वेगळे. माझं नातीगोती आणि मन बरं निघालं, परिस्थिती त्या मानाने कमी. मुलगी म्हणाली, काका, तुमचं दुखणं इथे दिसतंय. तोवर माझं सगळं दुखणं पाठीत आहे असं लिहिलं जात होतं.

वेदनेच्या प्रश्नावर मी तिला बराच वेळ थांबवून ठेवलं. टाचणी टोचली तर कळत नाही त्या पायांत रात्री आग होते. निखाऱ्यावर ठेवल्यासारखे पाय. घरचेसुद्धा सुरुवातीला म्हणायचे, संवेदनाच नाही तर दुखेल कसं? पण इजा झालेल्या मज्जारज्जूतूनच ही वेदना उठते, डॉक्टर तिला न्यूरोपॅथिक पेन म्हणतात आणि तिच्यावर वेगळी औषधं आहेत. ओपीडीत मी ते कधी सांगितलंच नव्हतं, कारण तिथे विचारत होते, पाय हलतो का. पाय हलत नव्हता. मी नाही म्हणत होतो आणि पुढचा नंबर येत होता.

एकविसावा प्रश्न लैंगिक आयुष्याबद्दलचा. मुलगी तिथे अडखळली, तोंड लाल झालं, म्हणाली, हा राहू दे का? मी म्हटलं, राहू देऊ नकोस, विचार. इतक्या वर्षांत हे विचारणारी तू पहिली आहेस. 2004 मध्ये किम अँडरसन या संशोधिकेने मज्जारज्जूला इजा झालेल्या 681 जणांना विचारलं होतं की काय परत मिळालं तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल. हातपाय चारही गेलेल्यांनी सर्वांत वर हात मागितले. ज्यांचे फक्त पाय गेले होते त्यांच्या उत्तरांत चालण्याच्याही वर लैंगिक क्षमता होती. आपल्या भाषेत हे छापायला संकोच वाटेल, मलाही लिहिताना वाटतो आहे. पण आमच्यात विशी-तिशीतली मुलं आहेत, नुकती लग्न झालेली आहेत. त्यांना या विषयावर एक शब्द न बोलता घरी पाठवलं जातं आणि मग संसार मोडला की लोक बायकोला नावं ठेवतात.

सगळ्याच प्रश्नावल्या आम्हाला लागू पडतात असं नाही. एसएफ-36 नावाची एक जगभर चालणारी प्रश्नावली आहे. तिच्यात जिने चढता येतात का, मैलभर चालता येतं का, असे प्रश्न आहेत. व्हीलचेअरवरचा माणूस तिथे तळाला जाणार हे आधीच ठरलेलं, मग तो रोज लोकलने कामावर जात असला तरी. उलट मज्जारज्जूच्या इजेसाठीच बनवलेलं ‘स्किम’ हे माप मला जास्त पटतं. एकूण शंभर गुण : स्वतःचं आवरण्याला वीस, हिंडण्याफिरण्याला चाळीस, आणि श्वास व लघवी-शौच यांना मिळून चाळीस. ज्याने हे ठरवलं त्याने आमच्यासारख्यांबरोबर वेळ काढला असणार. सकाळी पोट साफ होण्याचा कार्यक्रम नीट जमला की दिवस आपला, नाही जमला तर घराबाहेर पडायची छाती होत नाही, हे आम्हालाच माहीत. तरीही स्किममध्ये मी काय करतो ते मोजलं जातं. मला कसं वाटतं, हे तिथे विचारत नाहीत. त्यासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 2012 मध्ये अगदी लहानसा संच प्रसिद्ध केला, तीनच प्रश्नांचा. गेल्या चार आठवड्यांत एकूण आयुष्याबद्दल, शरीराच्या तब्येतीबद्दल आणि मनाच्या तब्येतीबद्दल किती समाधान आहे? शून्य ते दहा. पुढच्या आवृत्तीत सामाजिक आयुष्याचा चौथा प्रश्न जोडला. दोन मिनिटांत होतं. ओपीडीच्या गर्दीतसुद्धा.

आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवा असं माझं म्हणणं नाही. माणूस निभावून न्यायला शिकतो, त्याबरोबर त्याची मागणीही कमी होते. सुरुवातीला मला कुणी समाधान विचारलं असतं तर मी शून्य म्हटलं असतं, कारण मला चालायचं होतं आणि बाकी काही नको होतं. आज महिनाभर लघवीचं इन्फेक्शन नाही, ताप नाही, लिफ्ट चालू, तर मी सात म्हणेन. यातलं काही खरं सुख आहे आणि काही माझ्या अपेक्षा आटल्या म्हणून आहे. माझ्या सातवर बोट ठेवून कुणी म्हणू लागलं की यांचं छान चाललंय, यांना चांगली गादी, चांगली खुर्ची कशाला, तर तो अन्याय होईल. पार्कसाइटचा तो गृहस्थ घरात पडून राहायची सवय झाल्यामुळे सहा म्हणेल. म्हणून आकड्याच्या शेजारी हेही लिहावं : बेडसोर आहे का, लघवी कशी काढता, गेल्या महिन्यात घराबाहेर पडलात का, नसाल तर कशामुळे.

आणि आकडे न विचारण्याचेही तोटे आहेत. अमेरिकेत 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आपत्कालीन विभागातल्या डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञांना विचारलं होतं की तुम्हाला अशी गंभीर इजा झाली तर जिवंत राहिल्याचा आनंद वाटेल का. फक्त 18 टक्के हो म्हणाले. अशी इजा होऊन जगत असलेल्यांना विचारलं तर 92 टक्के हो म्हणाले. माझ्या ऑपरेशनच्या वेळी बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या काकांना कुणीतरी सांगितलं होतं, यापुढे याचं काही खरं नाही, फार खर्चात पडू नका. सांगणारा दुष्ट नव्हता. त्याने माझ्यासारख्या माणसाला पाच-दहा वर्षांनी कधी बघितलंच नसणार. आम्ही पहिल्या महिन्यात त्यांना दिसतो, सर्वांत वाईट अवस्थेत, आणि मग दिसेनासे होतो. काकांनी ऐकलं नाही, जमिनीचा तुकडा विकला. त्यांच्याइतकी हिंमत प्रत्येकाच्या घरात असेल असं नाही.

माझी मागणी साधी आहे. मुंबईत जिथे जिथे मणक्याची ऑपरेशनं होतात, मग ती महापालिकेची रुग्णालयं असोत, सरकारी असोत वा खासगी, तिथे असा रुग्ण फेरतपासणीला आला की वर्षातून एकदा तरी हे तीन-चार प्रश्न विचारून उत्तरं केसपेपरवर लिहावीत. आधीच्या वर्षाचा आकडा शेजारी दिसावा. सात होता आणि तीन झाला तर काय झालं ते विचारावं. बहुतेक वेळा जखम, नळी, गादी, पैसा किंवा घरातला जिना यांपैकी काहीतरी निघेल, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. समाजसेवा विभागाला तो कागद दिसावा. ओपीडीपर्यंत येऊच न शकणाऱ्यांना फोनवर विचारावं, कारण खरी खराब उत्तरं त्यांच्याकडेच आहेत. पाच वर्षांचे असे कागद एकत्र केले तर महापालिकेला कळेल की रॅम्पवर घातलेला पैसा किती कामी आला आणि स्वच्छ नळ्या फुकट देण्यावर घातलेला किती. आज दोन्ही अंदाजानेच चाललं आहे.

सांभाळणाऱ्यालाही विचारावं. माझ्या पत्नीच्या पाठीचं दुखणं माझ्या केसपेपरवर कुठेच नाही, पण ते मला उचलूनच सुरू झालं. तिने आता पुन्हा कामावर जायला सुरुवात केली आहे आणि माझ्या समाधानाच्या आकड्यात त्याचा मोठा वाटा आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. प्रश्न वाचून दाखवा, कारण आमच्यातल्या अनेकांना वाचता येत नाही, आणि विचारताना नातेवाइकांना जरा बाहेर बसवा. भाऊ किंवा बायको समोर असली की आम्ही सगळे ‘चांगलं चाललंय’ असंच म्हणतो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. सांभाळणाऱ्यांना विचाराल तेव्हा आम्हाला बाहेर ठेवा.

आपला,
एक वाचक
कन्नमवारनगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई